सॅन फ्रान्सिस्कोची दोन तळघरं आणि भांडी बाजारातलं आमचं गोदाम

तांबटआळी

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तीन पिढ्यांचं तांब्या-पितळेचं दुकान. वडील गेले तेव्हापासून शटर खाली आहे. दुकानाखाली काळ्या दगडाचं तळघर आहे, त्यात बंब, घंगाळी, पिंपं उतरवून ठेवलेली असायची. गेल्या महिन्यात शेवटची मोड काट्यावर घातली आणि तळघर पहिल्यांदाच रिकामं पाहिलं. त्या दिवसापासून डोक्यात एकच घोळतंय: इथे एक बारकासा मंच टाकायचा, समोर पन्नास-साठ माणसं, आणि दर आठवड्याला विनोद आणि गाणं. बस.

हे कुठून आलं ते सांगतो. दोन वर्षं रात्री झोप लागेनाशी झाली की मी सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन जुन्या नाइटक्लबांबद्दल वाचत असतो. एक 'हंग्री आय', दुसरा 'पर्पल अनियन'. दोन्ही नॉर्थ बीच या इटालियन वस्तीत, आणि दोन्ही तळघरात.

'हंग्री आय' 1950 च्या सुमारास एरिक नॉर्ड नावाच्या धिप्पाड माणसाने सुरू केला, सेंटिनेल बिल्डिंगच्या पोटात. ही इमारत कोलंबस अव्हेन्यू आणि कर्नी स्ट्रीटच्या बेचक्यात टोकदार उभी आहे, आणि तिच्यावर तांब्याचं काम आहे. शंभर वर्षांच्या हवेने त्या तांब्याला हिरवा कळंक चढलाय. मी फोटो पाहिला तेव्हा आधी क्लब सुचलाच नाही, आमचे आजोबा सुचले. थोड्याच दिवसांत नॉर्डने तो एन्रिको बांडुची या माणसाला विकला. बांडुची मुळात व्हायोलिन शिकलेला. 1953 च्या डिसेंबरात त्याने मॉर्ट साल नावाच्या तरुणाला उभं केलं. तोवर विनोदवीर म्हणजे काळा कोट, बो-टाय आणि सासूवरचे विनोद. साल आला तो स्वेटर घालून, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन, आणि राजकारणावर बोलायला लागला. तेव्हा तिकडे सिनेटर मॅकार्थीचा काळ, कम्युनिस्ट असल्याच्या नुसत्या संशयावर लोकांची तोंडं बंद व्हायची. आयसेनहॉवर जॅकेट, म्हणजे सैनिकांचं आखूड जॅकेट, तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. साल म्हणायचा की आता मॅकार्थी जॅकेटही निघालंय, त्याला तोंडावर लावायची एक जादा पट्टी आहे. सुरुवातीला हसायला कोण, तर बर्कलेचे विद्यार्थी मित्र. 1960 च्या ऑगस्टमध्ये हाच माणूस 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होता.

'पर्पल अनियन' 1952 चा, 140 कोलंबस अव्हेन्यू. एवढीशी जागा. तिथे 1955 च्या मार्चमध्ये फिलिस डिलर ही 37 वर्षांची, पाच मुलांची आई उभी राहिली. रेडिओवर जाहिराती लिहायची नोकरी करत होती. करार दोन आठवड्यांचा होता. ती 89 आठवडे तिथे उभी राहिली.

89 आठवडे! मी हा आकडा वहीत लिहून ठेवलाय.

त्याच मंचावर 1954 मध्ये मार्गरिट जॉन्सन नावाची एक मुलगी कॅलिप्सो गाणी म्हणायची. तिथल्या मंचासाठी तिने नवं नाव घेतलं, माया अँजेलो. पुढे ती लेखिका म्हणून जगाला माहीत झाली. आणि 1957 मध्ये डिलरची एक तारीख रद्द झाली म्हणून किंग्स्टन ट्रायो या तिघा पोरांना आठवडाभराची बदली मिळाली. त्यांनी ओळखीच्या सगळ्यांना मिळून 500 पोस्टकार्डं टाकली. आठवड्याचे सहा महिने झाले. पुढच्याच वर्षी त्यांचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

आता माझा मुद्दा. 1950 च्या जनगणनेत सॅन फ्रान्सिस्कोची लोकसंख्या होती 7,75,357. 2011 च्या जनगणनेत आपलं नाशिक 14,86,053. म्हणजे त्या काळचं ते शहर 2011 च्या नाशिकच्या साधारण निम्मं होतं. मुंबई-पुण्याइतके मोठे नाही म्हणून आपल्याकडे काही होत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि मला ते आता पटत नाही. आपल्याकडे हुशार पोरं कमी नाहीत. त्यांना एकाच ठिकाणी, त्याच लोकांसमोर, आठवड्यामागून आठवडे उभं राहायला मिळत नाही. माणूस दोन आठवड्यांत घडत नाही, 89 आठवड्यांत घडतो.

जाणकारांनी बोलावं. चुकत असेन तर तेही सांगा.

गोदाकाठची

दादा, वाचता वाचता अंगावर काटा आला. आपल्याकडे काय काय आहे ते मोजून पाहिलं. कालिदास कलामंदिर आहे, सार्वजनिक वाचनालयाचं साईखेडकर नाट्यगृह आहे, गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकाचं विशाखा सभागृह आणि कुर्तकोटी सभागृह, इंद्रकुंडाजवळ पलुस्कर सभागृह. मे महिन्यात घाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला, दिवाळीत पिंपळपारावरची पाडवा पहाट. 2008 पासून द्राक्षमळ्यातला सुला फेस्टही. पण यातलं प्रत्येक एकतर भाड्याने घ्यायचं किंवा वर्षातून एकदा येणारं. 'चल, आज गुरुवार आहे, तिकडे जाऊ' असं म्हणावं अशी एकही जागा नाही. तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे.

कानसेन

धागा आवडला, पण एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे आणि तो मी मनापासून नोंदवतोय. विनोद आणि गाणं एका मंचावर ही गोष्ट आपल्याला सॅन फ्रान्सिस्कोकडून घ्यायची गरज नाही.

तमाशाचा क्रम पाहा. गण, गौळण, बतावणी, मग वग. गण झाला की गवळणीत मावशी येते, कृष्णाला अडवते, पेंद्याशी हुज्जत घालते. बतावणीत दोघं जण उभे राहतात आणि त्या गावच्या, त्या आठवड्याच्या बातम्यांवर बोलतात. गावात पाटलाने विहीर कुठे खणली, सोसायटीचं कर्ज कोणी बुडवलं, सगळं त्यात येतं. सोंगाड्याला गावात शिरल्यावर दोन तास चावडीपाशी बसून माहिती काढावी लागायची. मॉर्ट साल वर्तमानपत्र हातात घेऊन जे करत होता ते आमचा सोंगाड्या वर्तमानपत्राशिवाय करत होता. आणि हे सगळं ढोलकीच्या साथीने.

एकट्या माणसाने रात्र उभी करायची म्हणाल तर पु. ल. देशपांडे आहेत. 'बटाट्याची चाळ' त्यांनी 1961 पासून एकट्याने रंगमंचावर केली. तिकडे साल 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आला त्यानंतर वर्षभरात इकडे एक माणूस, फारसं नेपथ्य नाही, आणि भरलेलं थिएटर. तोच माणूस उत्तम पेटी वाजवायचा आणि चाली लावायचा. तेव्हा मराठी प्रेक्षकाला हे शिकवावं लागत नाही.

पण तुमचा जागेचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. पु. लं.ना थिएटर मिळालं कारण ते तोवर पु. ल. झालेले होते. जो अजून कोणीच झालेला नाही त्याला कालिदासच्या भाड्याची पावती फाडता येत नाही.

धुक्यातला नाशिककर

मी मूळचा पंचवटीचा, आता अठरा वर्षं इकडे बे एरियात आहे. धागा वाचून शनिवारी मुद्दाम कोलंबस अव्हेन्यूला गेलो. सेंटिनेल बिल्डिंग अगदी तुम्ही म्हणता तशीच आहे, हिरव्या तांब्याची. ती 1906 च्या भूकंपाच्या वेळी अर्धी बांधलेली होती आणि टिकली. सत्तरच्या दशकात ती चित्रपट दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी घेतली. तिथून चढणीने थोडं वर गेलं की सिटी लाइट्स हे पुस्तकांचं दुकान, 1953 चं, अजून सुरू आहे. म्हणजे एकाच रस्त्यावर, दहा मिनिटांच्या चालीत, पुस्तकं, कविता, विनोद आणि गाणं. तिथे उभा राहिलो तेव्हा मला वाचनालयाकडून टिळक पथावरून मेन रोडला येणारा रस्ता आठवला.

'हंग्री आय'ची एक गोष्ट तुमच्या लेखात राहिली आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. बांडुचीने क्लब पुढे जॅक्सन स्ट्रीटला हलवला, तो इंटरनॅशनल हॉटेलच्या तळघरात. नाव हॉटेल असलं तरी ती चाळच होती. वरच्या मजल्यांवर एकेका खोलीत म्हातारे फिलिपिनो आणि चिनी कामगार राहायचे, ज्यांनी उभं आयुष्य शेतात, जहाजांवर आणि हॉटेलांच्या भटारखान्यात काढलं. खाली बार्ब्रा स्ट्रायसंड गात होती, वूडी अ‍ॅलन आणि लेनी ब्रूस हे विनोदवीर बोलत होते, टॉम लेहरर हा गणिताचा प्राध्यापक पियानोवर बसून बोचरी गाणी म्हणत होता. 1965 मध्ये त्याच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण तिथेच झालं. मंचामागे नुसती उघडी विटांची भिंत होती. आज जगभर विनोदाच्या मंचामागे विटा दिसतात त्या तिथून आल्या.

मग ती जागा बंद का पडली? एक म्हणजे तिथे घडलेले लोक टीव्हीवर गेले आणि त्यांची बिदागी छोट्या खोलीला पेलेना. दुसरं, 1964 च्या उन्हाळ्यात शेजारच्या ब्रॉडवेवर उघड्या अंगाचे नाच सुरू झाले आणि रात्री फिरणारा माणूस तिकडे वळला. तिसरं, 1966 पासून फिलमोरसारख्या मोठ्या सभागृहांत रॉकचे जलसे भरायला लागले, तरुण पोरं तिकडे गेली. बांडुचीने शेवटी जागा बदलून पाहिली, घिरार्डेली चौकात, पण 1970 च्या सुमारास संपलं. ते नाव नंतर ब्रॉडवेवरच्या नग्ननाच्या बारला गेलं.

आणि वरचे म्हातारे? जमीनमालकाला इमारत पाडायची होती. भाडेकरू आणि शहरातले हजारो लोक नऊ-दहा वर्षं भांडले. 4 ऑगस्ट 1977 ला पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. नंतर इमारत पडली, जागा वर्षानुवर्षं नुसता खड्डा होती, आणि 2005 मध्ये तिथे पुन्हा ज्येष्ठांसाठी स्वस्त घरं उभी राहिली. क्लबच्या इतिहासात हे येत नाही, पण तळघर कोणाच्या पायाखाली आहे हे विचारायला हवं. तुमच्या तळघरावर कोण राहतं?

तिसरी घंटा

>> आज जगभर विनोदाच्या मंचामागे विटा दिसतात त्या तिथून आल्या.

न्यूयॉर्कचा 'इम्प्रॉव्ह' हा विनोदाचा क्लबपण आहे ना? बड फ्रीडमनने 1963 मध्ये हेल्स किचनमध्ये जागा घेतली, भिंतीवरची फळकुटं काढली तर आत विटा निघाल्या, त्या तशाच ठेवल्या. टीव्हीवर पोचली ती ही भिंत.

धुक्यातला नाशिककर

बरोबर आहे तुमचं. 'हंग्री आय'ची भिंत आधीची, पण घराघरात पोचली ती न्यूयॉर्कची. माझं वाक्य एकांगी झालं.

तिसरी घंटा

मी राज्य नाट्य स्पर्धेत सात वर्षं बॅकस्टेज केलंय, दोन वर्षं स्टँडअप करतो. मराठीत. अनुभव सांगतो.

कॉलेज रोडच्या एका कॅफेत आम्ही पाच आठवडे ओपन माइक केला, म्हणजे येईल त्याला माइक. मालक चांगला माणूस होता, जागा फुकट दिली. पण काउंटर मंचापासून सहा फुटांवर. विनोदाची अडचण अशी आहे की शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर आधीची दोन मिनिटं पाण्यात. आणि नेमक्या त्या शब्दाला मिल्कशेकचा मिक्सर सुरू व्हायचा. मी एकदा माझ्या आजीचा किस्सा सांगत होतो. ती फोनवर 'हॅलो'ऐवजी 'कोण मेलं?' असं विचारायची. 'कोण' म्हटलं आणि घर्रर्र... पुढचं कोणालाच कळलं नाही. बारा सेकंद मी तसाच थांबलो. तो मिक्सर अजून कानात आहे. सहाव्या आठवड्यात वाढदिवसाची पार्टी आली आणि आमचा दिवस गेला. मालकाला दोष देत नाही. त्याचं पोट मिल्कशेकवर आहे.

म्हणून तांबटआळी, एक हात जोडून विनंती. खाणंपिणं ठेवा, पण दुसऱ्या खोलीत. मंचासमोर फक्त माणसं.

आणि 89 आठवड्यांबद्दल. भाडिपा या यूट्यूब चॅनलने 2016 पासून मराठी पोरांना दाखवून दिलं की आपल्या भाषेत आजचं बोलता येतं. त्यानंतर आमच्यासारखे कितीतरी जण सुरू झाले. पण सहा मिनिटांचा मजकूर पक्का व्हायला तो चाळीस-पन्नास वेळा करावा लागतो. नाशिकमध्ये चाळीस वेळा कुठे करू? दर महिन्याला पुण्याला जातो. जाऊन-येऊन बस, जेवण, रात्री दोनला नाशिक फाट्यावर उभं राहणं, हे सगळं सहा मिनिटांसाठी. तुमचं तळघर सुरू झालं तर पहिल्या दिवशी सतरंज्या घालायला मी येतो.

दहीपूल

मी आयुष्यभर याच भागात राहिलो. वय 71. कोणाचा उत्साह मोडायचा नाही, पण हे कोणीच कसं बोललं नाही?

तळघरात माणसं बसवू नका.

2008 च्या सप्टेंबरात, 2016 च्या 2 ऑगस्टला, 2019 च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात आणि भांडी बाजारात पाणी आलं. तुमच्या वडिलांना मी ओळखत असणार, नाव विचारत नाही. 2016 ला सगळे दुकानदार पहाटेपासून माल वर चढवत होते. आपल्याकडे गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की लोक उठतात, छातीला लागलं की दुकानं आवरतात. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत पाणी गेल्याच्या गोष्टी तर वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्याच आहेत. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की तुमच्या तळघरात पाणी पायऱ्यांवरून येत नाही, ते गटारीतून उलटं येतं. पावसाळ्यात सात वाजता साठ माणसं खाली बसलीत, दिवे गेले आणि जमीन ओली लागली, तर एका जिन्यावर काय होईल?

सॅन फ्रान्सिस्कोला गोदावरी नाही. तिकडे तळघर ठीक. आपल्या गावाने गाणं नेहमी वर ठेवलंय, माडीवर. जुन्या वाड्यांत बैठक कुठे व्हायची? दिवाणखान्यात, पहिल्या मजल्यावर. तुमच्या दुकानावर माडी असेलच.

तांबटआळी

दहीपूल काका, पहिल्यांदा नमस्कार. तुम्ही म्हणता ते अक्षरशः घडलंय. 2016 ला पाणी दुकानातल्या तिसऱ्या फळीपर्यंत होतं. वडिलांनी त्यावर खिळ्याने रेघ मारून ठेवलीय आणि ती रेघ मी रोज पाहतो. तरी माझ्या डोक्यात तळघरच राहिलं, कारण पुस्तकात तळघर होतं.

काल संध्याकाळी दोन्हीकडे जाऊन टाळी वाजवली. तळघरात एक टाळी दोन-तीन सेकंद घुमत राहते, दगड ती सोडतच नाही. बोललेलं वाक्य पुढच्या वाक्यावर चढतं. मग माडीवर गेलो. तिथे पाच खणी दिवाणखाना आहे, वर सागाच्या तुळया आणि किलचण, खाली लाकडी तक्तपोशीवर मातीची जमीन. गेली वीस वर्षं तिथे दिवाळीचे आकाशकंदील, जुन्या वह्या आणि आजीची जातीच होती. टाळी वाजवली तर टप्प असा आवाज आला आणि थांबला. बायकोला टोकाला उभी केली आणि तिला ऐकू जाईल न जाईल इतक्या हळू बोललो. तिला सगळं ऐकू आलं. मातीने आणि लाकडाने आवाज पिऊन टाकला होता आणि तरी शब्द स्वच्छ.

धुक्यातला नाशिककर यांच्या प्रश्नाचं उत्तर: माडीवर कोणी राहत नाही, पण मागच्या दोन खोल्यांत एक भाडेकरू आजी आहेत, आजोबांच्या वेळेपासून. त्यांना विचारल्याशिवाय काही करणार नाही. आज विचारतो.

खणतुळई

मी स्थापत्य अभियंता. जुन्या वाड्यांची कामं करतो. दर पावसाळ्याच्या आधी महापालिका गावठाणातल्या धोकादायक वाड्यांना कलम 264 खाली नोटिसा देते, त्यातल्या काहींची पाहणी माझ्याकडे येते. म्हणून कळकळीने सांगतो.

तुळई मधोमध चांगली दिसते. ती कुजते भिंतीत शिरलेल्या टोकाला, कारण पागोळीचं पाणी तिथे मुरतं. टोकं उघडून बघा. स्क्रूड्रायव्हर खुपसा, सहज आत गेला तर ती तुळई गेली. मातीची जमीन आवाजाला उत्तम असली तरी वजनदार असते, वर्षानुवर्षं थरावर थर चढलेले असतात. कुटुंबातली दहा माणसं फिरणं वेगळं आणि चाळीस माणसं एकदम हसून पुढे झुकणं वेगळं. गर्दीचं वजन हलतं असतं.

साठ विसरा. तुळया ठीक असतील तर पस्तीस-चाळीस, सगळी बसलेली, मध्यभागी कमी, भिंतींच्या कडेने जास्त. मंच बाहेरच्या जाड भिंतीशी घ्या. दुसरा जिना नसेल तर मागच्या गॅलरीतून लोखंडी जिना टाका, आणि तो तयार होईपर्यंत लोकांना बोलावू नका. विद्युत वायरिंग पूर्ण नवं. मी येऊन पाहीन, पैसे नकोत.

वकीलवाडी

परवानग्यांबद्दल अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मुद्दाम थोडक्यात.

दारू ठेवू नका. अमेरिकेतले ते क्लब पेयांच्या विक्रीवर चालले, हे खरं. आपल्याकडे तो रस्ता 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने वळवला. त्याआधी मुंबईत ताजसारख्या हॉटेलांत जॅझचे वाद्यवृंद वाजत होते. पुढे नियम सैल झाले तेव्हा माणसाला पिण्याचा परवाना घेऊन बसायची खोली आली, 'परमिट रूम'. हा शब्द आपण रोज वापरतो. त्या खोलीत माणूस गुपचूप पिऊन जायचा, गाणं ऐकायला कोणी यायचं नाही. पुढे 2005 ची डान्स बारबंदी, त्यावरचे सर्वोच्च न्यायालयापर्यंतचे खटले, 2016 चा कायदा. या सगळ्यामुळे 'रात्री गाण्याची जागा' म्हटलं की घरमालक आणि शेजारी दचकतात. चहा ठेवा, म्हणजे अर्धे प्रश्न उरतच नाहीत.

ध्वनी: 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री 10 नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, पण वाड्याच्या खिडक्या बंदिस्त नसतात. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. साडेआठला संपवा.

संगीत: दुसऱ्याची गाणी जाहीर कार्यक्रमात गायली तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना लागतो, ध्वनिमुद्रित वाजवली तर पीपीएल या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संस्थेचाही विषय येतो. पारंपरिक रचना आणि स्वतःची गाणी यांना ही अडचण नाही. नाटकासारखा लिखित प्रयोग तिकीट लावून करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. पोलिस ठाण्यात जाऊन आधी भेटा, नंतर नाही.

लेनी ब्रूसचं नाव वर आलंय. त्याला 1961 च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्याच जॅझ वर्कशॉप या क्लबात अश्लील बोलल्याबद्दल अटक झाली, पुढच्या वर्षी ज्यूरीने निर्दोष सोडलं. आपल्याकडे 1972 मध्ये 'सखाराम बाइंडर'ला 32 ठिकाणी काट सुचवली गेली आणि प्रकरण न्यायालयात जाऊन नाटक सुटलं. दोन्हीकडे जागा चालवणाऱ्याला आणि कलाकाराला वकील लागला. तुम्हाला लागला तर मी दोन गल्ल्या पलीकडे आहे.

गोदाकाठची

वेळेबद्दल मला दोन शब्द बोलायचेत. सात ते साडेआठ ठेवलंत तर आम्ही येऊ शकू, नऊ ते अकरा ठेवलंत तर मी आणि माझ्या मैत्रिणी येणार नाही. मला भीती वाटते म्हणून नाही, तर घरी पुढे दोन तास उत्तरं द्यावी लागतात म्हणून. सिटीलिंकची बस मला रविवार कारंजावरून साडेआठ-पावणेनऊला हवी असते. जिन्यावर दिवा असावा आणि संडासाला आतून कडी असावी. फिलिस डिलरला पाच मुलं होती. तिला संध्याकाळी कोणीतरी मोकळं केलं असेल तेव्हाच ती 89 आठवडे उभी राहिली ना.

तांबटआळी

चार महिन्यांनी लिहितोय. क्षमस्व, हातात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

खणतुळई येऊन गेले. तीन तुळया सडल्या होत्या, सगळ्या रस्त्याच्या बाजूच्या, अगदी टोकाला. बदलल्या. सागवान मिळालं ते सातपूरकडे पाडलेल्या एका जुन्या बंगल्याचं. मागे लोखंडी जिना झाला. खर्चासाठी घरात राहिलेल्या तीन मोठ्या घंगाळ्यांपैकी दोन विकली, एक ठेवलंय. त्याला कल्हई करून घेतली, चहाचं पाणी त्यात असतं.

भाडेकरू आजींनी होकार दिला, एका अटीवर: गुरुवार. गुरुवारी त्यांचा उपवास असतो, म्हणे तसंही झोप लवकर येत नाही.

पहिल्या गुरुवारी 34 माणसं आली. चपला खालच्या दुकानात काढल्या, जिथे काउंटर होता तिथे. तिसरी घंटा यांनी शब्द पाळून सतरंज्या घातल्या. दोनच कलाकार ठरवले आणि त्यांच्याशी बोलणं असं झालं की बारा गुरुवार तेच दोघे. एक पेटी वाजवणारे निवृत्त मास्तर, दुसरी अंबडच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करणारी 26 वर्षांची मुलगी. ती याआधी फक्त कंपनीच्या स्नेहसंमेलनात बोललेली.

पहिल्या गुरुवारी ती अकरा मिनिटं बोलली आणि चार वेळा हसू आलं. लोकांकडे पाहतच नव्हती, मागच्या कोनाड्याकडे पाहून बोलत होती. दुसऱ्या गुरुवारी तिने शिफ्टच्या बसमधल्या जागांचा किस्सा मधून काढून सुरुवातीला घेतला. मास्तर तेव्हा शेजारीच पेटी घेऊन बसले होते. ती बसचा ब्रेक लागल्याचं सांगत होती तर त्यांनी भाता दाबून पेटीतून एक लांब सुस्कारा काढला. ठरवलेलं नव्हतं. ती दचकली, त्यांच्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, तुम्हीपण आमच्याच बसने येता काय?" आणि सगळी माडी हसली. खणतुळई वर तुळयांकडे पाहत होते.

काल तिसरा गुरुवार झाला. 31 माणसं, त्यातली 19 पहिल्या दिवसापासूनची. तिने आता मास्तरांसाठी तीन जागा राखून ठेवल्यात. किस्सा नऊ मिनिटांचा झालाय, दोन मिनिटं गेली ती तिने स्वतःच कापली. कोनाड्याकडे पाहणं थांबलंय. शेवटी मास्तरांनी गवळण घेतली आणि तिने तिच्यात मावशीचे प्रश्न घातले, तेव्हा कानसेन तुमची फार आठवण झाली.

भाडेकरू आजी आधीच्या दोन्ही वेळा दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. काल खुर्ची आत घेतली.

कानसेन

पुढच्या गुरुवारी येतो. सोबत ढोलकी आणू का? मास्तरांना विचारून सांगा.

दहीपूल

धरणातून 3 हजार क्युसेक सोडलंय आजच. काळजीचं काही नाही, पण चपला दुकानात ठेवू नका या आठवड्यात. जिन्यावर वर आणा.